लाकडाचा सांगाडा आणि तो उभारणाऱ्याचे शरीर

जपानमध्ये पारंपरिक पद्धतीने बांधल्या जाणाऱ्या लाकडी घराचा सांगाडा साधारणपणे एका-दोन दिवसांत उभा राहतो. सांगाडा उभा करण्याच्या या कामाला तिथे ‘तातेमाए’ म्हणतात, आणि आढे चढल्यावर मालक व सुतार मिळून एक छोटा विधीही करतात. सकाळी जोत्यावर काहीही नसते आणि संध्याकाळी छपराचे आढे आपल्या जागी बसलेले असते. हा वेग पाहणाऱ्याला थक्क करतो; परंतु त्या एका दिवसामागे अनेक आठवड्यांचे आणि घर मोठे असेल तर महिन्यांचे काम असते, आणि ते जवळपास सगळे जमिनीवर, शेडच्या सावलीत, लाकूड घोड्यांवर, म्हणजे ते टेकवायच्या लाकडी आधारांवर, आडवे ठेवून आधीच उरकलेले असते. जपानी जोडांच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती कामाची ही विभागणी. अवघड आणि अवजड काम कुठे, किती उंचीवर आणि केव्हा करायचे हे ज्या पद्धतीत आधी ठरलेले असते, तिचा कारागिराच्या कमरेशी आणि गुडघ्यांशी थेट संबंध असतो, आणि त्याविषयी फार थोडे बोलले जाते.

मी नाशिकमध्ये जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार या भागांतले वाडे आतून पाहिले, की जपानी सुतारकामाशी असलेले साम्य लगेच जाणवते. आपलाही वाडा मुळात लाकडाचा सांगाडाच आहे. सागाचा खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला, त्याच्या डोक्यावर हस्त (तुळईला आधार देणारे आडवे लाकूड), हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचे छत), आणि विटांच्या किंवा मातीच्या भिंती या सांगाड्याच्या मधल्या जागा भरणाऱ्या. जपानमध्येही जुना खांब दगडावर टेकलेला असतो, आणि दगडाचा वरचा भाग ओबडधोबड असेल तर तो घासून सपाट न करता खांबाचा तळच त्या दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे कोरून बसवतात. हे काम किती चिकाटीचे आहे याची कल्पना ज्याने एकदा तरी साग पटाशीने कोरला आहे त्यालाच येईल.

तिथला मुख्य सुतार, ज्याला ‘तोर्यो’ म्हणतात, तो प्रथम एका फळीवर घराचा नकाशा काढतो. नकाशाच्या एका बाजूने जुन्या वर्णक्रमातील अक्षरे आणि दुसऱ्या बाजूने आकडे लिहिलेले असतात, त्यामुळे प्रत्येक खांबाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि तो पत्ता खांबावर शाईने लिहिला जातो. नंतर आपले सुतार काव लावलेली दोरी ताणून सूत मारतात तसे शाईत भिजलेल्या दोऱ्याने प्रत्येक लाकडावर मध्यरेषा मारली जाते. लाकूड वाकडे असले तरी ही रेषा सरळ असते आणि सर्व मापे तिच्यापासूनच घेतली जातात. पाइनचा नैसर्गिक बाक असलेला ओंडका तुळईसाठी घेतला तर त्याची पाठ वर ठेवतात, म्हणजे छपराच्या भाराखाली तो सहज झुकत नाही. झाड कोणत्या बाजूला पिळलेले आहे, डोंगराच्या कोणत्या उतारावर ते वाढले, याचाही विचार होतो. होर्यूजी मंदिराचे विसाव्या शतकातील प्रमुख सुतार निशिओका त्सुनेकाझु (1908–1995) यांच्या घराण्यात तर झाडे सुटी विकत न घेता एका डोंगरावरची झाडे एकत्र घ्यावीत आणि ती ज्या दिशेला वाढली त्याच दिशेला इमारतीत वापरावीत, अशी तोंडी परंपरा होती. होर्यूजीचा पाच मजली मनोरा सुमारे 32 मीटर उंच आहे, तेराशे वर्षे तो उभा आहे, आणि त्याच्या मधल्या खांबाचे झाड इ. स. 594 मध्ये तोडले गेले असे त्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून दिसते. अशा परंपरेत काम करणाऱ्याला रेषा मारण्याची घाई नसते.

सांध्यांचे प्रकार शेकड्यांनी आहेत. त्यांतला एक मला वाडे पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो, तो म्हणजे ‘नुकी’. खांबाला आरपार भोक पाडून त्यातून आडवी पट्टी ओवायची आणि दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. नारा येथील तोदाईजी मंदिर युद्धात जळाल्यानंतर चोगेन या भिक्षूने त्याची पुनर्उभारणी हाती घेतली, तेव्हा ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि 1199 मध्ये उभा राहिलेला तिथला दक्षिण महाद्वाराचा सांगाडा आजही पाहता येतो. भूकंपात असा सांगाडा ताठ राहत नाही. तो हलतो, पाचरी लाकडात थोड्या रुततात आणि धक्क्याची शक्ती तिथे जिरते. अर्थात याला मर्यादा आहे. 1995 च्या कोबे भूकंपात जड कौलांची आणि कमकुवत भिंतींची असंख्य जुनी लाकडी घरे कोसळली, आणि 2000 साली जपानने नियम बदलून सांध्यांवर धातूचे बंध लावण्याचे निकष कडक केले. पारंपरिक म्हणून सर्व काही सुरक्षित, असे जपानी अभियंतेही मानत नाहीत.

आता शरीराकडे येतो. जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढताना पाते आपोआप ताणलेले राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते, कापाची रुंदी कमी होते आणि तेवढे लाकूड खाण्याची मेहनत वाचते. रंधाही ओढायचाच असतो, आणि लांब तुळई रंधताना सुतार हात न हलवता संपूर्ण शरीराने मागे मागे चालत जातो. शिवाय हिनोकी, म्हणजे तिथला सायप्रस, आपल्या सागापेक्षा बराच हलका आणि मऊ आहे. 20 सेंटिमीटर रुंद, 25 सेंटिमीटर उंच आणि 4 मीटर लांब अशी तुळई सुक्या हिनोकीची असेल तर साधारण 85 किलो भरते. तीच सागाची 130 किलोपर्यंत जाते. सागात सिलिका असते, म्हणून पटाशीची धार त्यावर लवकर जाते, आणि बोथट हत्याराने केलेले काम मनगटाला व खांद्याला जास्त महागात पडते. शिकाऊ जपानी सुतार पहिला दीर्घ काळ धार लावण्यातच घालवतो, याकडे आपण शिस्त म्हणून पाहतो. मला त्यात शरीर सांभाळण्याचे शिक्षणही दिसते.

परंतु ही पद्धत शरीराला सुखाची आहे असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या सुतारासारखाच जपानी सुतारही जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, तासन्‌तास काम करत आला आहे. वाकसाने तुळई तासताना कंबर सतत वाकलेली असते. सांगाडा उभा करताना तुळईवर उभे राहून लाकडी मोगरीने सांधे ठोकून बसवावे लागतात आणि त्या घावांचा धक्का खांद्यापर्यंत पोचतो. विजेची हत्यारे आल्यावर मेहनत कमी झाली, पण तिच्या जागी आवाज, बारीक धूळ आणि कंपने आली. जपानच्या जंगलांत साखळी करवत चालवणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली, 1960 च्या दशकात हा गंभीर व्यवसायजन्य आजार म्हणून पुढे आला, आणि पुढे अशा करवतीचा वापर दिवसाला 2 तासांच्या आत ठेवण्याची मार्गदर्शक सूचना निघाली. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले. आपल्याकडे सागाच्या भुशात दिवसभर काम करणारा सुतार तोंडाला फार तर गमछा बांधतो.

गेल्या काही काळातल्या एका कामाविषयी इथे सविस्तर सांगतो. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात ओसरीचे खांब वरून खणखणीत होते, पण तळाशी हातभर कुजलेले होते. भिंतीतली ओल, वर्षानुवर्षे तळखड्याभोवती वाढत गेलेली फरशी आणि पुराच्या पाण्याचा गाळ यांमुळे असे होते. गोदावरीचा पूर 2008 आणि 2019 सालीही काठच्या वस्तीत आला होता. खांब पूर्ण बदलणे खर्चिक आणि अनावश्यक होते. जपानमध्ये याच दुखण्यावर खांबाचा फक्त कुजलेला पाय कापून नवा पाय जोडण्याची रीत आहे, आणि त्यासाठी ‘कानावा’ नावाचा जोड वापरतात. यात वरचा आणि खालचा असे दोन्ही तुकडे एकाच आकारात कापलेले असतात. ते बाजूने एकमेकांत सरकवायचे, लांबीच्या दिशेने किंचित दाबायचे, म्हणजे त्यांच्या जिभा परस्परांत अडकतात आणि मध्ये चौकोनी फट उरते. त्या फटीत कठीण लाकडाची पाचर ठोकली की जोड पक्का होतो. हा जोड बाजूने बसतो, त्यामुळे वरची इमारत न उतरवता तो करता येतो.

आमच्याकडे वडिलांच्या वयाचे एक सुतार आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी त्यांच्यासमोर आकृती ठेवली आणि विचारले, “अण्णा, हे जमेल का आपल्याला?” त्यांनी आकृती उलटसुलट करून पाहिली, गुण्या लावून माझे एक माप दुरुस्त केले आणि म्हणाले, “जोड जमंल साहेब. पण वरचा अर्धा भाग मी जमिनीवर आडवं पडून कापणार, त्याचं काय ते बघा.” त्यांची शंका अगदी रास्त होती. खांब जागेवर ठेवून जमिनीपासून दोन फुटांवर असा जोड कापायचा म्हणजे कुशीवर झोपून, मान वळवून, एका हाताने पटाशी धरून दुसऱ्याने हातोडी मारायची, आणि तेही साठी उलटलेल्या माणसाने, ज्याला उकिडवे बसल्यावर भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. शिवाय अशा अवस्थेत जोड अचूक होण्याची शक्यताही कमी होते, कारण ज्याचा खांदा दुखतो त्याचा हात रेषेवर राहत नाही.

जपानमधल्या मोठ्या मंदिरांच्या दुरुस्त्यांत संपूर्ण इमारतच उतरवतात. नारातील याकुशिजी मंदिराचा पूर्व मनोरा 2009 नंतर असाच पूर्ण उतरवला, प्रत्येक तुकडा तपासून जमिनीवर दुरुस्त केला आणि पुन्हा रचला. ते काम 2020 पर्यंत चालले. आपल्याकडे एवढे करणे शक्य नव्हते, पण विचार तोच घेता आला. तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू आणि जॅक लावून भार काढून घेतला. मग कुजलेला पाय साध्या दोन कापांत काढून टाकला आणि मोकळा झालेला खांब खाली उतरवून कुसवातून, म्हणजे डोक्याकडच्या जोडातून, सोडवला. सहा-सात इंच जाडीचा तो खांब साधारण 60 किलोचा, म्हणजे तिघांना नीट धरून घोड्यांवर ठेवता येण्यासारखा होता. जोडाचे दोन्ही भाग अण्णांनी कमरेइतक्या उंचीवर, उभे राहून, दिवसाच्या उजेडात कापले. नंतर वरचा भाग परत कुसवात बसवला, तुळई जॅकने बोटभर उचलून नवा पाय बाजूने सरकवला, जॅक सोडून वरचा भाग खाली बसू दिला आणि पाचर ठोकली. टेकूंचे भाडे वाढले आणि कामाचे दिवसही वाढले, पण जोडाच्या फटीत वहीचा कागद जात नव्हता. अण्णांच्या हाताला एवढा नीटस जोड देणारी गोष्ट माझ्या मते घोडीची उंची होती.

बांधकामातली शरीराची झीज आपल्याला दिसत नाही याचे एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. सत्तरीतला ताठ गवंडी किंवा काटक सुतार दाखवून लोक म्हणतात, “पूर्वीच्या माणसांना काही होत नसे, कष्टाने शरीर घट्ट राहते.” ज्यांची कंबर चाळिशीत गेली, ज्यांच्या मणक्यातली गादी सरकली, ज्यांना पहाडावरून (बांधकामाच्या परांचीवरून) पडल्यावर पुन्हा उभे राहता आले नाही, ते कामावर दिसतच नाहीत. ते पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवर घरी बसलेले असतात. आपण पाहतो ते केवळ टिकलेले लोक, आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतो. गुडघा पूर्ण दुमडून तासन्‌तास बसण्याचा आणि वजन उचलण्याचा गुडघ्याच्या संधिवाताशी असलेला संबंध वैद्यकात पुरेसा स्पष्ट आहे. फरशी बसवणाऱ्याचे सगळे आयुष्य याच दोन क्रियांत जाते.

जपानमध्ये सगळे आलबेल आहे असेही नाही. तिथल्या जनगणनेत 1980 साली सुतारांची संख्या 9 लाखांवर होती, ती 2020 मध्ये 3 लाखांच्या आत आली, आणि उरलेल्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. बहुतेक नव्या घरांचे सांधे आता कारखान्यात यंत्रावर कापले जातात आणि तुळया क्रेनने चढतात. उंचावरून पडण्याचे अपघात तिथेही आहेत, म्हणून 6.75 मीटरपेक्षा उंचीवर संपूर्ण शरीराला बांधायचा पट्टा सक्तीचा झाला, आणि एप्रिल 2024 पासून बांधकामातल्या जादा तासांवर कायद्याने मर्यादा आली. मला त्यांच्या दोन साध्या सवयी जास्त आवडतात: अनेक कामांवर दिवसाची सुरुवात रेडिओवरच्या ठरावीक व्यायामाने होते, ज्याचे प्रसारण 1928 पासून चालत आले आहे, आणि सकाळी 10 व दुपारी 3 वाजता हत्यारे खाली ठेवून चहासाठी बसायची प्रथा आहे. तिथली सिमेंटची पिशवी 25 किलोची असते. पुरुष कामगाराने हाताने उचलायचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या साधारण 40 टक्क्यांच्या आत असावे, अशी तिथल्या कामगार मंत्रालयाची सूचना आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसासाठी 24 किलो.

आपली गोणी 50 किलोची आहे. केंद्राच्या 1998 च्या बांधकाम कामगार नियमांनी प्रौढ पुरुषासाठी 55 किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी 30 किलो ही कमाल मर्यादा ठरवली, आणि गोणी त्या मर्यादेत नेमकी बसते. पंचावन्न किलोचा बिगारी जवळपास स्वतःच्या वजनाएवढी गोणी पाठीवर घेऊन दोन मजले चढतो आणि तरीही सर्व काही नियमात असते. एका 1000 चौरस फुटांच्या बंगल्याचा पाच इंची स्लॅब घ्या. त्याचे काँक्रीट साधारण 28 टन होते. पंप नसेल, आणि लहान कामांवर तो बहुधा नसतोच, तर 20 किलोच्या घमेल्याने हा माल 1400 वेळा उचलावा लागतो, आणि रांगेत उभा राहून दिला-घेतला तर प्रत्येक घमेले अनेकांच्या हातांतून जाते. हे सगळे एका दिवसात, कारण स्लॅब मध्ये थांबवता येत नाही. जपानी तातेमाएही एका दिवसात होते, पण तिथे तो दिवस हलका व्हावा म्हणून आधीचे आठवडे खर्च झालेले असतात. आपल्याकडे स्लॅबचा दिवस हलका करण्यासाठी आदल्या दिवशी कोणी काही करत नाही. मुकादम फक्त माणसे वाढवतो.

2027 च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे नाशकात सध्या सगळीकडे घाईने कामे चालू आहेत, आणि घाई ही मालकाची असो वा ठेकेदाराची, तिचा भार शेवटी खालच्या माणसाच्या पाठीवर येतो. मोठ्या कामांवर पट्टे आणि पंप दिसतात. लहान दुरुस्त्या, एकमजली वाढीव बांधकामे, वाड्यांची डागडुजी इथे काहीच नसते, आणि नाशकातले असंख्य कारागीर याच कामांवर जगतात. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. रोज सकाळी नाक्यावर उभा राहून नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तो कोण देणार? म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी तो स्वतः लिहून देतो, आणि इतर अभियंत्यांनीही द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. यात आपला अर्धा तास जातो.

वाड्यांच्या कामाच्या अंदाजपत्रकात मी आता टेकू, जॅक, चेनपुली आणि कमरेच्या उंचीच्या घोड्या यांचा वेगळा खर्च दाखवतो. पूर्वी हे ‘किरकोळ’ या एका ओळीत जात असे आणि घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी तीच ओळ कापली जात असे. वेगळे लिहिले की मालक विचारतात, आणि विचारले की समजावून सांगता येते. बहुतेक जण ऐकतात. एका मालकांनी विचारले, “दादा, सुताराला उभे राहून काम करता यावे म्हणून आम्ही पैसे का द्यायचे?” मी त्यांना कुजलेल्या खांबापाशी नेले, तळाशी वाकून दोन मिनिटे हातोडी धरायला सांगितली आणि नंतर जोडाची आकृती दाखवली. त्यांनी ती ओळ तशीच ठेवली. पावसाळ्यानंतर त्यांच्या माजघराच्या खांबांचे काम सुरू होईल, आणि अण्णांनी त्यासाठी घोड्या स्वतःच्या उंचीप्रमाणे नव्या करून घेतल्या आहेत.